शोकातील शुभेच्छा आणि ज्यू नियम



ज्यू धर्मशास्त्रात शोकाकुल माणसाशी बोलणे निषिद्ध नाही. निषिद्ध आहे ते क्षेमकुशल विचारणे. बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या संदर्भात आपल्या अंकात छापलेले ‘वर्षभराचा अबोला’ हे वर्णन म्हणून चुकीचे ठरते.

योसेफ कारो यांच्या सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरूख’ या संहितेत पायऱ्या स्पष्ट आहेत. पहिले तीन दिवस शोककर्ता कुणाला अभिवादन करत नाही. अजाणता कुणी केलेच, तर आपण शोकात असल्याचे सांगतो. सातव्या दिवसापर्यंत तो केवळ उत्तर देतो. त्यानंतर तो इतरांचे कुशल विचारू शकतो. इतरांनी त्याचे विचारायचे नाही, ते तिसाव्या दिवसापर्यंत. बारा महिन्यांची मुदत फक्त आईवडिलांच्या शोकाला आहे. शब्बाथच्या दिवशी स्थानिक प्रथेला मोकळीक आहे.

त्याच मजकुरात सुतकाशी केलेली तुलनाही फसवी आहे. ज्यू शोककर्त्याच्या घरी जाऊन सांत्वन करणे हे कर्तव्यच. पहिले जेवण शेजाऱ्यांनी द्यायचे असते. भेटीला आलेल्याने मात्र शोककर्ता बोलेपर्यंत गप्प राहायचे. याला तुसडेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

— एक वाचक, सोलापूर