प्रेषिताच्या शेजारी बसलेली मुलगी

तीस वर्षं मी लघुलेखिका म्हणून नोकरी केली. त्यामुळे दस्तयेव्हस्की म्हटलं की मला आधी ॲना स्नितकिना आठवते. ऑक्टोबर १८६६ मध्ये ही वीस वर्षांची मुलगी पीटर्सबर्गमधल्या त्याच्या घरी श्रुतलेखनासाठी गेली. १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हाती दिली नाही, तर पुढची ९ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. तो सांगायचा, ती लघुलिपीत उतरवायची आणि घरी जाऊन सगळं सुवाच्य अक्षरात लिहून काढायची. २६ दिवसांत ‘जुगारी’ पूर्ण झाली. हा वेग काय मागतो, ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.

रशियन प्रतीकवादी लेखकांनी उभ्या केलेल्या दस्तयेव्हस्कीत हा घाम मला दिसत नाही. त्यांच्यातल्या मेरेझकोव्हस्कीनं टॉलस्टॉयला देहाचा द्रष्टा ठरवलं आणि दस्तयेव्हस्कीला आत्म्याचा. १९०६ मध्ये तर त्याला रशियन क्रांतीचा प्रेषित केलं. त्यांच्यातल्याच व्याचेस्लाव इव्हानोव्हनं १९११ मध्ये त्याच्या कादंबऱ्यांना शोकांतिका म्हणून वाचलं. ते मला मोलाचं वाटतं, कारण त्यात निदान कादंबरीच्या घडणीकडे लक्ष आहे. मेरेझकोव्हस्कीचा प्रेषित मात्र मला मान्य नाही. प्रेषिताला मुदत नसते, कर्ज नसतं, लिहून घेणारी बाईही लागत नाही. दस्तयेव्हस्कीला हे तिन्ही होतं.

ॲनाच्या आठवणी १९२५ मध्ये पुस्तकरूपात आल्या. मेरेझकोव्हस्कीकडे वळण्याआधी त्या वाचा.