शाळकरी मुलांसाठीच्या भूशास्त्र उपक्रमाबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू

महोदय,

भूशास्त्र विभागात येणाऱ्या शाळांना खडक, नकाशे आणि सूक्ष्मदर्शक दाखवण्याचे काम संशोधक विद्यार्थी व तासिका तत्त्वावरील अध्यापक करतात. आमची संघटना त्यांचीच. हे काम आम्हाला नको आहे असे कोणी समजू नये. ते धड करता यावे म्हणून हे पत्र.

राज्याचा बहुतांश भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर वसलेला आहे. मुले 'बेसाल्ट' पाठ करतात आणि त्याच काळ्या दगडाच्या पायरीवर बसून डबा खातात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे दगावली. 2014 मध्ये माळीण, 2023 मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. डोंगरावरची नवी भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळलेला झरा या खुणा डोंगराखाली राहणाऱ्या मुलाला ओळखता आल्या पाहिजेत. या उपक्रमाला 'अवांतर' म्हणणे आम्हाला मान्य नाही.

आमची मुख्य मागणी, हे काम कामाच्या तासांत धरावे. मुलांसोबत गेलेला अर्धा दिवस अध्यापकाच्या देयकात शून्य असतो आणि संशोधकाच्या अहवालात त्याला रकानाच नाही. अध्यापकांना तासिकेचा दर व संशोधकांना मानधन मिळावे. संग्रहालयासाठी एक पूर्णवेळ सहायक नेमावा. चिठ्ठी निघालेला नमुना म्हणजे नुसता धोंडा. तो कुठला, हे मग कोणालाच सांगता येत नाही. खडकाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती ध्रुवित प्रकाशात धरली की काळ्या दगडातून निळे-केशरी रंग उमटतात. ते पाहायला रांगेतल्या प्रत्येक मुलाला जेमतेम काही सेकंद मिळतात. म्हणून दोन सूक्ष्मदर्शक केवळ शाळांसाठी राखून ठेवावेत.

दुसरे, बसभाडे. खाजगी शाळा स्वतःच्या बसने येतात, जिल्हा परिषदेच्या शाळा येऊच शकत नाहीत. त्यांच्या एसटीचा खर्च विद्यापीठाने उचलावा, नाहीतर नमुन्यांच्या पेट्या घेऊन आम्हाला तिकडे जाऊ द्यावे. (समारंभाच्या फलकांना पैसे कमी पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.) वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट खुशाल कपाटात राहू द्या. पेटीत स्टिल्बाइट आणि व्हिनेगर टाकताच फसफसणारे कॅल्साइट असले तरी पुरे. माहितीपत्रके मराठीत हवीत, हे वेगळे सांगावे लागू नये.

क्षेत्रभेटीत दर पंधरा मुलांमागे एक मार्गदर्शक, सर्वांना हेल्मेट, विमा व प्रथमोपचार पेटी असावी. पावसाळ्यात खाणीच्या कड्याखाली किंवा कुकडीला पाणी असताना निघोजच्या रांजणखळग्यांत मुलांना नेण्याचा आग्रह कोणीही धरू नये. तसा आदेश आला तरी आम्ही पाळणार नाही.

सगळ्या शाळा 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनीच बोलावण्याची प्रथाही बंद करावी. भेटी वर्षभर वाटून द्याव्यात.

आगामी अर्थसंकल्पापूर्वी संघटनेसोबत बैठक घेऊन लेखी निर्णय कळवावा. आधी ठरलेल्या भेटी आम्ही पार पाडू. निर्णय होईपर्यंत नव्या तारखा देणार नाही.

आपले,
संघटनेची कार्यकारिणी