थंडीत कोपीत किंवा गाडीत झोपताय? शेगडी बाहेरच ठेवा

दिवाळीच्या सुमारास आपल्या हिंगोली जिल्ह्यातून अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात. पुढचे काही महिने ताडपत्रीची कोपी हेच त्यांचं घर. कुणी देवदर्शनाला निघतं आणि रात्री गाडीतच झोपतं. राज्यात 2021 पासून कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आहे. मजूर असो की हौशी प्रवासी, थंडीच्या रात्री प्रश्न एकच पडतो: एवढीशी जागा उबदार कशी करायची?

माझं मत स्पष्ट आहे. जागा तापवू नका, अंग उबदार ठेवा. झोपायच्या बंद जागेत पेटलेली कोणतीही वस्तू नको.

"धूर संपला, नुसता निखारा आहे, आत घेतला तर काय होतं?" हा समज सर्वात घातक. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. झोपलेल्या माणसाला मात्र तेही कळत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरसुद्धा फसतं, आकडा नॉर्मल दाखवतं. गर्भातल्या बाळाला धोका आणखी जास्त.

जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन इथे केरळचे 8 पर्यटक बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि दगावले. डिसेंबर 2024 मध्ये केरळमधील वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. तिथे हीटर नव्हता. जनरेटरचा वायू आत शिरला होता. म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणंही टाळा.

मग काय करावं?

• गारठा जमिनीतून जास्त येतो. आधी खाली प्लास्टिक आणि जाड वाकळ अंथरा, मग वरचं पांघरूण बघा.
• कानटोपी, पायमोजे, कोरडे कपडे घाला.
• शेकोटी बाहेर करा, शेकून घ्या आणि विझवूनच झोपा.
• बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा.
• तान्ह्या बाळाला आईच्या अंगाशी धरा.
• दारूने ऊब येत नाही. उलट अंगातली उष्णता बाहेर जाते.
• हवेला थोडी फट ठेवाच. पण फट आहे म्हणून शेगडी आत घेऊ नका.

सकाळी एकाच ठिकाणी झोपलेल्या दोघा-तिघांचं डोकं दुखत असेल तर ती सर्दी समजू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. यावर उपचार ऑक्सिजनचा, आणि तो लवकर मिळायला हवा.

"गरिबाने घोंगड्या आणायच्या कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मला वाटतं, उचल देताना कारखान्याने आणि मुकादमाने माणशी एक जाड घोंगडी द्यावी. कोयत्याइतकीच तीही कामाची गरज आहे.