दोन जिवांची, पण तूप किती?

घरात गोड बातमी कळली की थोरल्या बायका बजावतात, "दोन जिवांची आहे, तिच्या पानात तूप सढळ हाताने वाढा." हा सल्ला पुण्यात मिळतो, तसा बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या घरांतही मिळतो. तो बरोबर की चूक? ते तूप कोणाच्या पानात पडते, यावर ते ठरते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बायकांच्या पोटात दिवसाकाठी जेमतेम १८०० कॅलरी जात. अठराव्या आठवड्याच्या सुमारास ज्यांच्या जेवणात स्निग्ध पदार्थ अधिक होते, त्यांची बाळे वजनाने व लांबीने सरस निघाली. पालेभाज्या व फळे नेमाने खाणाऱ्यांची बाळेही अशीच सरस होती. अशा कष्टकरी आईला तेलतूप हवेच.

मात्र याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने किरकोळ, पण त्या मानाने अंगावर चरबी राखून असलेली. हीच ठेवण पुढे मधुमेहाला वाट करून देऊ शकते.

शहरातल्या सुनेचे दिवस वेगळे. लिफ्टने ये-जा, दिवसभर खुर्चीतले काम. तिच्या पानात तूप ओतत राहिले की वजन भरमसाट वाढते. त्यात रक्तातली साखर वाढली, तर जादा साखर व चरबी वारेतून बाळापर्यंत पोहोचते. असे बाळ गुटगुटीत दिसते, पण मोठेपणी लठ्ठपणा व मधुमेहाचा धोका त्याला अधिक असतो.

मग तूप बंद करावे का? मुळीच नको. वरणभातावर चमचाभर साजूक तूप अवश्य घ्यावे. बाळाच्या मेंदूला व डोळ्यांना ओमेगा-३ लागते, ते माशांतून मिळते. शाकाहारी घरांत अक्रोड, जवसाची चटणी असावी. वनस्पती तूप आणि पुनःपुन्हा तापवलेले तेल टाळावे. मल्लेश्वरमचा लोणीदार बेन्ने डोसा डोहाळ्यापुरताच ठेवावा. सोबत पालेभाजी, फळ, दूध रोज हवे. पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून साखरेची तपासणी करून घ्यावी आणि वजन किती वाढू द्यायचे, तेही विचारावे. पानातले तूप त्या उत्तरावरून ठरवावे.