वही आणली, पण उशिरा



मागच्या महिन्यात अकोल्याच्या एका वस्तीत गेले होते. तिथल्या विहारात पुस्तकांचं कपाट आहे. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "ताई, आपल्या बायांनी लिहिलेलं काय वाचू?" सगळं कपाट धुंडाळलं तेव्हा बायांच्या नावाचं एकच पुस्तक निघालं, तेही बांधणी सुटलेलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला'. म्हटलं, हेच घे.

हे पुस्तक १९८९ चं. ऊर्मिलाताई कोकणातल्या, आई बांबूची आयदानं विणायची. त्या कथा लिहीत होत्याच. पण या पुस्तकासाठी दोघींनी बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बाया शोधून काढल्या, त्यांच्या तोंडून ऐकलं, लिहून घेतलं. ऊर्मिलाताईंचं आत्मकथन 'आयदान' पुढे २००३ साली आलं. इतक्या बायांचं ऐकल्यावर स्वतःचं सांगायला बळ आलं असेल, असं आपलं मला वाटतं.

आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे ठाऊक आहेत का? जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष. बाबासाहेब हजर होते. घटस्फोटाचा हक्क हवा, एका बायकोवर दुसरी करायला कायद्यानं बंदी हवी, गिरणीत अन् बिडी कारखान्यात राबणाऱ्या बाईला रजा हवी, असे ठराव आपल्या आज्यांनी तेव्हा केले!

माझी आजी बडनेऱ्याहून त्या परिषदेला गेली होती. "मी गेली होती ना वं नागपुरले. लय बाया होत्या," एवढं सांगायची. मी म्हणायची, परीक्षा झाली की वही घेऊन बसते. परीक्षा झाली, लग्न झालं. बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा वही आणली होती. आजी तोवर माणसं ओळखेनाशी झाली होती.

लिहिलेलंही हरवतं म्हणा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. ते विस्मृतीत गेलं, अन् स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणलं. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहायच्या आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. त्या कागदांचं 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं १९८६ ला.

परवा त्या मुलीचा फोन आला. पुस्तक वाचून झालंय, अन् आजीला बोलतं केलंय. आजी जिनात कामाला होती. आधी "मले काय ठाव वं" म्हणाली, मग सुरू झाली. अकरा पानं झालीत. दिवसा नातवंडं बसू देत नाहीत, म्हणून रात्री जेवणं आटोपल्यावर लिहितात.