खुणेचा माल
जुन्या जाहिराती पाहून आज पुष्कळजण हळवे होतात. पण त्या गोड का वाटतात, याचा विचार कोणी करतो काय? आपल्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे 'विप्रो' झाली. तिच्या मालाची नावे किसान, सनफ्लॉवर, कॅमल. शेतकरी, सूर्यफूल, उंट! तिन्ही डोळ्यांपुढे उभी राहणारी. १९५१ साली देशात शेकडा अवघे १८ साक्षर होते. गिऱ्हाईक खुणेवरून माल ओळखी. त्या काळच्या चित्रकाराने निरक्षरालाही वाचक मानले, हे मला मोठे वाटते. आज आम्ही साक्षर झालो, तर पाकिटावरची अक्षरे भिंगाशिवाय दिसत नाहीत! तो काळ परत नको. गिऱ्हाइकाविषयीचा तो आदर मात्र हवा.