गुणकाचें कुलूप

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं दहा-पंधरा वर्षांचा जुना डेस्कटॉप संगणक आहे. थोरल्या भावाचें शिक्षण त्यावर झालें, वडिलांचे हिशेब त्यावर झाले, आणि आतां तो कोपऱ्यांत कापडाखालीं झांकून ठेविलेला असतो. अशा यंत्राचा प्रोसेसर त्याच्या नेमलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालवितां येतो, असें एखादा मुलगा कोठूनतरी ऐकून येतो आणि घरीं परवानगी मागतो. बहुतेक घरीं उत्तर ठरलेलें असतें: "कंपनीनें घातलेलें कुलूप आपण कां उघडावें ? त्यांत कांहींतरी हेतु असेल." हें उत्तर अर्धें बरोबर आहे आणि अर्धें चूक आहे. हेतु होता खरा. परंतु तो आज कोणाच्या हिताचा राहिला आहे, हें पालकांनीं एकदां पाहिलें पाहिजे असें आम्हांस वाटतें.

प्रथम कुलूप कशावर आहे तें पाहूं. संगणकाच्या मदरबोर्डावर एक लहानसें घड्याळ अखंड ठोके देत असतें. हे ठोके सेकंदास दहा कोटी किंवा वीस कोटी, म्हणजे १०० किंवा २०० मेगाहर्ट्झ, असे असतात. प्रोसेसर याहून पुष्कळ जलद चालतो. तबलजी जसा मूळ लय तीच ठेवून दुगुण, तिगुण, चौगुण वाजवितो, तसा प्रोसेसर मूळ ठोक्याची आपल्या पोटांत अनेकपट करून घेतो. हा जो पट, तोच गुणक. २००९ सालीं निघालेला एएमडी कंपनीचा फेनम टू एक्स-फोर ९५५ ब्लॅक एडिशन घ्या. त्याचा मूळ ठोका २०० आणि गुणक १६. म्हणून वेग ३२०० मेगाहर्ट्झ. गुणक १९ केला कीं वेग ३८०० झाला. ही युक्ति फार जुनी आहे. इंटेल कंपनीनें १९९२ सालीं ४८६ डीएक्स-टू या नांवाचा दुपटीचा प्रोसेसर काढला. त्याच्या मागून आलेला डीएक्स-फोर मात्र चौपटीचा नसून तिपटीचाच होता ! नांवांत चार आणि कामांत तीन, अशी व्यापाऱ्यांची गणितें आमच्या सातवीच्या वर्गांत खपावयाचीं नाहींत.

मूळ ठोकाच वाढविला तरी वेग वाढतो. पण त्याबरोबर स्मरणाचीं चकत्या म्हणजे रॅम, आणि जुन्या यंत्रांत तर चित्राचें कार्ड व इतर भागही ओढले जातात, आणि त्यांतला एखादा दुबळा भाग सर्वांस खालीं आणतो. गुणक वाढविला असतां प्रोसेसर तेवढा धांवतो. बाकीचे आपापल्या चालीनें चालतात. म्हणूनच या कुलपाची एवढी मातबरी.

आतां कोणी विचारील कीं, ३२०० चा प्रोसेसर ३८०० वर चालतोच कसा ? याचें उत्तर कोंकणांतल्या कोणत्याही आंबेवाल्यास देतां येईल. एकाच बागेंतले आंबे उतरवून, हातांत घेऊन, लहानमोठे निवडून निरनिराळ्या पेट्यांत भरतात. प्रोसेसरही एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेंकड्यांनीं तयार होतात, मग एकेक तपासून त्यांची प्रत ठरते. परंतु मोठ्या फळास गिऱ्हाईक थोडें आणि मध्यम फळास पुष्कळ, असें झालें म्हणजे मोठें फळही मध्यमाच्या पेटींत जातें. कारखान्याची कला जसजशी सुधारते तसतसे उत्तम प्रोसेसर अधिक निघूं लागतात, पण बाजारांत मागणी स्वस्ताचीच अधिक असते. तेव्हां स्वस्त पेटींत पुष्कळदां महागाचा माल असतो. शिवाय कोणत्याही ऋतूंत, कोणत्याही घरीं यंत्र बिनचूक चालावें म्हणून कंपनी कांहीं अंतर राखूनच आंकडा लिहिते. हें अंतर म्हणजेच गुणक वाढविणाऱ्याची सारी मिळकत.

कुलूप आलें तें फसवणुकीमुळें. १९९० नंतरच्या दशकांत गुणक मदरबोर्डावरील छोट्या पिनांनीं ठरविला जात असे. कांहीं लबाड व्यापारी कमी वेगाचे प्रोसेसर घेऊन त्यांवरचा आंकडा खरडून काढीत, वर मोठा आंकडा छापीत, आणि गिऱ्हाइकाकडून मोठ्या आंकड्याचे पैसे घेत. घरीं नेलेलें यंत्र चार महिन्यांनीं भर उन्हाळ्यांत बंद पडूं लागे, तेव्हां दोष कंपनीवर येई. परप्रांतीचा आंबा देवगडच्या पेटींत भरून विकावा, तसाच हा प्रकार. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांनीं खोट्या तागडीचा जो धिक्कार केला आहे तो याही मालास लागू पडतो. १९९८ च्या सुमारास इंटेलनें आपल्या प्रोसेसरांचा गुणक कारखान्यांतच कायम करून टाकला. त्या वेळीं तें कृत्य योग्य होतें असें आम्ही समजतों; कारण त्या कुलपानें अजाण गिऱ्हाइकाचें रक्षण होत होतें.

तथापि जिज्ञासु माणूस कुलूप पाहून परत फिरत नाहीं. त्याच १९९८ सालीं सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर निघाला. त्याचा गुणक साडेचारावर बांधलेला, मूळ ठोका ६६. लोकांनीं गुणकास हात न लावतां ठोकाच १०० वर नेला, आणि तीनशेंचा प्रोसेसर साडेचारशेंवर चालूं लागला. त्या वर्षीं इंटेलचा सर्वांत महागांतला पेंटियम टू तेवढ्याच वेगाचा होता ! एएमडीच्या २००० सालच्या थंडरबर्ड व ड्युरॉन प्रोसेसरांची गोष्ट तर याहून मौजेची आहे. त्यांच्या पाठीवर एल-वन नांवाचे कांहीं सूक्ष्म पूल होते. ते तोडलेले असले कीं गुणक बंद. शिसपेन्सिलीचें शिसें म्हणजे ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइटांतून वीज वाहते, हें आमच्या विज्ञानाच्या पुस्तकांत आहे. तुटलेल्या पुलावर पेन्सिलीची रेघ ओढली कीं कुलूप उघडे. दोन पैशांच्या पेन्सिलीनें जें साधलें तें पाहून पुढल्या वर्षींच्या अॅथलॉन एक्सपीमध्यें पुलांच्या जागीं खड्डे आले. तेव्हां लोकांनीं ते खड्डे भरून वरून चांदीच्या रंगाची रेघ ओढण्यास आरंभ केला. वर्गांत पाठ केलेला नियम हातांत किल्ली होऊन येतो, याचें इतकें स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

पुढें मात्र कुलपाचा धर्म पालटला. फसवणूक थांबविण्याचें साधन होतें तें किमतीचें कुंपण झालें. २०१०-११ पासून इंटेलनें 'के' हें अक्षर लावलेले मोकळ्या गुणकाचे प्रोसेसर निराळे विकावयास काढले; त्यांस किंमत अधिक, आणि गुणक वाढवावयाचा तर मदरबोर्डही त्याच जातीचा घ्यावा लागतो. एएमडीचे 'ब्लॅक एडिशन' २००७ पासून होतेच. २०१७ नंतरच्या तिच्या रायझेन प्रोसेसरांत तर बहुतेकांचे गुणक मोकळे आहेत. येथपर्यंतही आमची तक्रार नाहीं. अधिक सोयीस अधिक दाम, हा व्यापाराचा नियमच आहे. परंतु २०१० सालीं इंटेलनें पेंटियम जी६९५१ या प्रोसेसराबरोबर एक योजना आणली. ५० डॉलरांचें एक कार्ड विकत घ्यावें, त्यावरचा सांकेतिक आंकडा संगणकास द्यावा, आणि मग त्याच प्रोसेसरांतील जी शक्ति आजवर निजविलेली होती ती जागी व्हावी ! घर विकत घेतलें, त्यांतली एक खोली बांधलेली असून बंद आहे, आणि तिच्या किल्लीचे दाम निराळे मागितले, तर घेणाऱ्यास काय वाटेल ? लोकांस तसेंच वाटलें. मोठी ओरड झाली, आणि ती योजना फार दिवस टिकली नाहीं.

या सर्वांवरून आमचें मत असें आहे. जी वस्तु पुरे मोल देऊन घेतली ती घेणाऱ्याची. आपल्या घरच्या यंत्राचा गुणक स्वतःच्या उपयोगासाठीं वाढविणें यांत अप्रामाणिकपणा मुळींच नाहीं. अप्रामाणिकपणा दोन ठिकाणीं आहे. वाढीव वेगानें प्रोसेसर जाळून मग "आपोआप बिघडला" म्हणून हमीच्या मुदतींत बदलून मागणें, हा एक; आणि असें यंत्र विकतांना घेणाऱ्यास तें न सांगणें, हा दुसरा. पहिला मोह जुन्या यंत्राच्या बाबतींत उरतच नाहीं, कारण त्याची हमी केव्हांच संपलेली असते. म्हणूनच हा उद्योग शिकावयाचा तर नव्यावर नव्हे, जुन्यावर शिकावा. ज्यांच्या यंत्राचा गुणक मुळांतच बंद आहे त्यांनीं मात्र तो उघडून देतों म्हणणाऱ्या फुकट्या प्रोग्रामांच्या नादीं लागूं नये. कुलूप सिलिकॉनमध्यें असतें, आणि असले प्रोग्राम बहुधा चोरास घरांत घेतात.

पालकांची भीति जेथें रास्त आहे ती बाजू आतां सांगितली पाहिजे. ती बाजू उष्णतेची आहे. प्रोसेसरास लागणारी वीज वेगाच्या प्रमाणांत वाढते, आणि दाबाच्या म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वर सांगितलेला प्रोसेसर ३२०० वरून ३८०० वर नेला, आणि तो अडखळतो म्हणून दाब १.३५ वरून १.४५ व्होल्टांवर नेला, असें समजा. वेगाची वाढ सुमारें १९ टक्के. दाबाच्या वर्गाची सुमारें १५ टक्के. दोन्ही मिळून वीज ३७ टक्के अधिक. १२५ वॅटचे १७१ वॅट झाले. आतां कंपनीनें या प्रोसेसरास ६२ अंश सेल्सियसची मर्यादा घातली आहे. समजा कीं, पूर्ण कामाच्या वेळीं पंखा त्यास खोलीच्या उष्णतेहून २० अंश वर ठेवितो. वीज वाढल्यावर हे २० अंश २७ होतील. विलायतेंतल्या २५ अंशांच्या खोलींत ही बेरीज ५२ येते, आणि तेथील माणूस खुशाल लिहितो कीं कांहीं भय नाहीं. विदर्भांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. खोलींत ४२ अंश असतां मूळच्याच वेगानें ६२ ची मर्यादा गांठली. वाढीव वेगानें ६९. दुसऱ्याच्या देशाचा आंकडा उतरवून घेण्यापूर्वीं आपल्या भिंतीवरचा उष्णतामापक पाहावा तो यासाठीं.

प्रोसेसर जळेल ही भीति मात्र वाजवीपेक्षां अधिक आहे. फार तापला तर तो बहुधा आपण होऊन मंदावतो किंवा बंद होतो. खरें भय मुकें आहे. वेग सोसेनासा झाला कीं यंत्र नेहमीं बंदच पडतें असें नाहीं. कधीं कधीं तें चालत राहतें आणि चुकीचें उत्तर देतें. वडिलांच्या हिशेबांतला एक आंकडा पालटतो, बहिणीच्या लग्नाचा एखादा फोटो पुढें कधींच उघडत नाहीं, आणि कारण कोणास कळत नाहीं. म्हणून परीक्षा घ्यावी लागते. १९९६ पासून जगभरचे हौशी लोक मर्सेन पद्धतीच्या मोठमोठ्या मूळ संख्या प्राइम९५ नांवाच्या प्रोग्रामानें शोधीत आले आहेत. त्या प्रोग्रामांत यंत्राची कसोटी पाहण्याची सोय आहे: ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं गणितें तो तासन् तास करवितो, आणि एकही उत्तर चुकलें कीं थांबतो. शंभरांत नव्याण्णव गुणांनीं आमचे विद्यार्थी पास होतात. येथें नव्याण्णवास नापास.

इतकें करून हातीं किती येतें, हेंही मुलांनीं वडिलांस खरें सांगावें. पंधरा-वीस टक्के वेग वाढल्यानें चित्रपटाची जुळणी थोडी लवकर होते. लिहिणें-वाचणें यांत फरक जाणवतही नाहीं. जुनें यंत्र उघडण्यास पांच मिनिटें घेत असेल, तर दोष बहुधा फिरत्या हार्डडिस्कचा असतो. तिच्या जागीं साधी एसएसडी बसविली कीं जो फरक पडतो तो गुणकानें कधींही पडावयाचा नाहीं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरांवर विंडोज ११ ला कंपनीची संमति नाहीं; गुणक वाढवून ती मिळत नाहीं. त्यासाठीं लिनक्स शिकावें, तें निराळेंच शिक्षण आहे.

तेव्हां पालकांनीं परवानगी द्यावी. पण आधीं घरचे कागद व फोटो दुसरीकडे उतरवून घेववावे, आणि मुलाकडून एक वही घालून घ्यावी. वहींत तारीख, गुणक, दाब, खोलीची उष्णता, प्रोसेसरची उष्णता आणि कसोटीचा निकाल, इतके रकाने असावेत. गुणक एका वेळीं अर्ध्यानेंच वाढवावा, दाबास शक्य तों हात लावूं नये, आणि प्रत्येक पायरीवर रात्रभर कसोटी चालूं द्यावी. डिसेंबरांत यंत्र अठरावर स्थिर झालें तर तो आंकडा वहींत लिहून ठेवावा, आणि होळी झाली कीं पुन्हा सोळावर आणावा.